गुरुवारचं डिक्टेशन

इंग्रजी शिकवण्यात माझा सगळा जन्म गेला, तरी तुमचे उच्चार इतके स्वच्छ कसे, कुणाकडे शिकलात, असं कुणी विचारलं की मी आधी दोन घोट पाणी पिते. खांबेटे सरांचं नाव निघालं की मला एक दुपार आठवते. एका माणसाला त्याच्या बायकोचं म्हणणं सांगायचं की नाही, हे ठरवायची पाळी माझ्यावर एकोणिसाव्या वर्षी आली. त्या वयात मला धड भाकरी थापता येत नव्हती. आता जळगावला लेकाच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहितेय. बाहेर ऊन मी म्हणतंय, कूलर घुरघुरतोय, आणि शेजारच्या खोलीत माझी नात फोनला इंग्रजीत प्रश्न विचारतेय. फोनमधली बाई तिला उत्तरं देते. त्या बाईचे उच्चार अगदी निर्दोष आहेत, आणि मला ती बाई मुळीच आवडत नाही.

आमचं घर धुळ्याला, सहाव्या गल्लीत. आबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांच्या हातांचा डिझेलचा वास कुठल्याच साबणाने जात नसे. माय, भाऊ, वहिनी, त्यांची अडीच वर्षांची बेबी आणि मी, एवढी माणसं दोन खोल्यांत आणि वरच्या गच्चीत मावायची. सकाळी स्टोव्हचा फर्रर्र आवाज, त्यावर भाकरी थापल्याचा थपथप आवाज, आणि त्या दोन्हींच्या वर मायचा आवाज. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कच्चं तेल एवढ्यावर आमचं भागायचं, आणि अजूनही माझं त्याच्यावरच भागतं. सून म्हणते, आई, तुमचं बीपी. म्हणो बापडी. घरात आम्ही सगळे अहिराणी बोलायचो, गल्लीच्या तोंडापासून पुढे मराठी, आणि कॉलेजच्या फाटकातून आत गेलं की इंग्रजी. यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

बी.ए.ला स्पेशल इंग्लिश घेणारे आम्ही आठच जण. खांबेटे सर आम्हाला उच्चारशास्त्र शिकवायचे. सर पुण्याकडचे, अंगाने काडी, पण कान असे की काय सांगू! पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला एकच इंग्रजी वाक्य वाचायला लावलं आणि बोट दाखवून सांगत सुटले, "तू शिरपूरचा. तू यावलकडची, केळीच्या बागांतली. तू चाळीसगावचा, पण आई मालेगावची." सगळं बरोबर. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तू घरी अहिराणी बोलतेस. 'शी' म्हणताना तुझी जीभ 'शे' शोधते." मी शरमेने लालबुंद झाले. मग त्यांनी आम्हाला घासून काढलं. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची, 'पेन' म्हणताना ती हलली पाहिजे, 'स्पून' म्हणताना हलता कामा नये. हातात छोटा आरसा घेऊन जीभ कुठे जाते ते बघायचं. आमचा लोटन नावाचा मित्र 'इस्टेशन'मधला 'इ' काढता काढता रडकुंडीला आला होता. सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "अर्थ म्हणजे कानातला मळ. तो काढा, मग ध्वनी ऐकू येईल."

म्हणून गुरुवारी डिक्टेशन असायचं ते अर्थ नसलेल्या शब्दांचं. सर एकेक बनावट शब्द दोनदा म्हणायचे आणि आम्ही तो ध्वनिलिपीत, म्हणजे जसा ऐकू येईल तसा, चिन्हांत लिहून घ्यायचा. अर्थ नसला की अंदाजाने लिहिता येत नाही, कानच तासून निघतो. ही पद्धत चांगली आहे, पुढे मीही माझ्या मुलांवर ती वापरली. पण दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर सरांचे शब्द बदलले. आधी ते नाना देशांच्या ध्वनींची भेळ असायचे. आता तेच तेच चार-पाच शब्द उलटसुलट क्रमाने दर गुरुवारी यायला लागले. 'नसेमा'. 'लेधर'. 'आऊतो'. 'दाऊदे'. आणि एक 'तौतित', जो म्हणताना सर क्षणभर थांबायचे आणि पुटपुटायचे, "किती सुरेख बांधलेला शब्द आहे." लोटनने 'लेधर'च्या जागी सरळ इंग्रजीत चामडं लिहून टाकलं, तेव्हा वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. "इथे चामडं कुठे आहे?" एवढंच म्हणाले, पण ते असे म्हणाले की आमचं हसू घशातच राहिलं.

शब्दांपेक्षा मला भीती वाटायची ती सुराची. सरांचा आवाज खरखरीत, पण हे शब्द ते बारीक आवाजात, नाकातून, शेवट वर उचलून म्हणायचे. जणू तो शब्द काहीतरी विचारत होता. आठ जण खाली मान घालून लिहितोय, वर पंखा कटकट वाजतोय, आणि आपल्याला कुणीतरी प्रश्न विचारतंय, तेही सर नव्हे, दुसरंच कुणीतरी. मी एकदा मान वर करून पाहिलं तर सर डोळे मिटून म्हणत होते. ते शब्द माझ्या तोंडात बसले. स्टोव्हपाशी, नळावर, वेणी घालताना मी पुटपुटत असायची. एकदा दिवेलागणीला मायने ऐकलं.

"काय बडबड करी ऱ्हायनी व शकू?"

"कॉलेजचा अभ्यास शे."

"अभ्यास? मंतर वाटस माले तो. दिवा लावाना टाईमले असं नको बोलू, माय. आन हाई देख, बठ्ठं पीठ सांडी टाकं तू!"

मी हसण्यावारी नेलं. पण त्या रात्रीपासून ती माझ्या उशाला विळा ठेवायला लागली, आणि मी तो काढून ठेवला नाही.

मार्चमध्ये सरांनी मला आठही जणांच्या वह्या घरी आणून द्यायला सांगितलं. त्यांचं घर पांझरा नदीच्या पलीकडे, देवपुरात. मी निघाले तेव्हा साडेबारा झाले असतील. धुळ्यातली मार्चची दुपार ज्याने पाहिली नाही त्याला कसं सांगू! पुलावर माणूस नाही, कुत्रं नाही, नदीत पाणी नाही, डांबराचा वास आणि स्वतःच्याच चपलांचा आवाज. सरांच्या फाटकाला कडी नव्हती. व्हरांड्यात गेले, दारावर हिरवा पडदा, आणि आतून तो आवाज आला. तोच बारीक, नाकातला, वर उचललेला. "आऊतोनसेमालेधरदाऊदे." एका दमात, मध्ये कुठेही न थांबता. मग पुन्हा तेच. मला वाटलं, सर गुरुवारची तयारी करताहेत. मी हाक मारली, "सर!" आतला आवाज एकदम थांबला. आणि माझ्या पाठीमागून, फाटकातून, सायकल आत घेत सर म्हणाले, "अगं, आलीस का तू?"

वह्या हातातून सुटल्या. सरांनी त्या एकेक करून उचलल्या, धूळ झटकली आणि पडदा बाजूला केला. आत खिडकीशी खुर्चीत सरांच्या पत्नी, आमच्या काकू, बसल्या होत्या. काकूंना मी पूर्वी कॉलेजच्या हळदीकुंकवाला पाहिलं होतं. इतकं शुद्ध, तुपातलं मराठी बोलायच्या की आमची वहिनी त्यांच्यापुढे तोंडच उघडेना. सगळे म्हणायचे, पुण्याच्या आहेत ना! आता त्यांच्या तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली होती आणि नजर फाटकाकडे होती. सर त्यांच्यासमोरून गेले तरी ती हलली नाही. सर म्हणजे जसं काही कपाट.

"अर्धांगवायू," सर म्हणाले. "दिवाळीत. जळगावला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, आवाज आहे, भाषा गेली." त्यांनी टेबलावरून वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. पानंच्या पानं ध्वनिचिन्हांनी भरलेली, काकूंच्या तोंडून निघालेला प्रत्येक ध्वनी. "रोज लिहितो. मग शंका आली, माझे कानच चुकत असतील तर? म्हणून तुम्हाला घालतो. आठ जणांनी तेच लिहिलं, म्हणजे ती तसंच म्हणते एवढं तरी नक्की." मला राग आला. अहो, स्वतःच्या बायकोचं बोलणं तुम्ही वर्गात वाटताय, असं ओठांपर्यंत आलं होतं, मी फटकळच आहे. पण सर माझ्याकडे बघत नव्हते. "शकुंतला, तिला काही म्हणायचं असेल आणि मला ते कळतच नसेल, तर? बावीस वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. आता दिवसभर काहीतरी मागते आहे." खुर्चीतून पुन्हा तो आवाज आला. मी नमस्कारसुद्धा न करता बाहेर पडले आणि पुलापर्यंत पळत सुटले.

त्याच्या पुढच्या रविवारी आमच्याकडे बिबड्या होत्या. ज्वारीचं पीठ आंबवून, शिजवून, गच्चीवर ओल्या फडक्यावर पातळ थापायच्या आणि वाळवायच्या. माय आणि वहिनी वर होत्या, मी खालून गरम पातेलं घेऊन जिना चढले. गच्चीचं दार पलीकडून लागलेलं. हात भरलेले, म्हणून मी पायानेच दार वाजवलं. आणि दारापलीकडून तो आवाज आला. बारीक, नाकातला, शेवट वर उचललेला.

"तोन से?"

पातेलं माझ्या हातून कसं पडलं नाही, देव जाणे. पलीकडे वहिनी खळखळून हसली, "कोन शे म्हन बेबी, कोन शे!" आणि बेबीने पुन्हा म्हटलं, "तोन से?"

आमची बेबी काकाला ताता म्हणायची, गायीला दाय. सगळीच पोरं म्हणतात. जिभेची मागची बाजू उचलायला त्यांना वेळ लागतो, तोवर 'क' दातांपाशी येऊन 'त' होतो. हे सरांनीच शिकवलं होतं. बेबीची जीभ अजून मागे पोचत नव्हती, आणि काकूंची पोचायची थांबली होती. मी पातेलं तिथेच पायरीवर ठेवलं, खाली आले आणि वही उघडली. सरांनी शब्द भलत्याच ठिकाणी तोडले होते. मी ते पुन्हा जोडले, दारामागून ऐकले होते त्या क्रमाने, आणि एकेक ध्वनी त्याच्या मूळ जागी नेऊन ठेवला. आऊ, हाऊ. तोन, कोन. से, शे. धर, घर. दाऊ, जाऊ. वहीवर माझ्या घरातली भाषा उभी राहिली. हाऊ कोन शे? माले घर जाऊ दे. हा माणूस कोण आहे? मला घरी जाऊ द्या.

वर माय हाका मारत होती, पीठ थंड होत होतं. पुण्याच्या काकू! सरांना अहिराणी अगदीच कळत नव्हती असं नाही. बाजारात, शिपायाशी बोलण्यापुरती कळायची. पण ती आपल्या खुर्चीतून, आपल्या बायकोच्या तोंडून येईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आमच्या तालुक्यांची नावं सांगणारे त्यांचे कान घरात बंद होते. आज इतक्या वर्षांनी मला त्यांची दया येते. तेव्हा नुसती भीती वाटली. कारण आता मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं, आणि ते मला विचारणार होते.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी देवपुरात गेले. सर आत पाणी आणायला गेले तेवढ्यात मी काकूंच्या खुर्चीपाशी खाली बसले. खात्री करून घ्यायची होती. मनात म्हटलं, देवा, मी चुकलेली असू दे. आणि मायशी बोलते तसं हळूच विचारलं, "तुन्हं नाव काय शे, माय?"

काकूंची नजर फाटकावरून सुटली आणि खाली माझ्यावर आली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा कुणावर तरी थांबली असेल. चेहऱ्याची धड बाजू हलली. एखादी दहा वर्षांची पोर शाळेत नाव सांगते तशा त्या म्हणाल्या, "तौतित."

मागे भांडं पडल्याचा आवाज झाला. सर दारात उभे होते, पाणी त्यांच्या पायांवरून वाहत होतं.

"कौतिक," मी म्हटलं. "'क' चा 'त' होतोय, सर. दोन्ही 'क' चे."

सर हळूहळू खाटेवर बसले. "लग्नात मी तिचं नाव कुमुद ठेवलं," ते म्हणाले. "कौतिक कसं तरीच वाटायचं, पुण्यात. इथल्याच, साक्रीकडच्या खेड्यातली होती. वडील शाळामास्तर, ते गेले, मागे कुणी राहिलं नाही. मी तिला आरसा दिला, कागदाची पट्टी दिली. सहा महिन्यांत तिच्या बोलण्यातून गाव गेलं. मला त्याचा केवढा अभिमान होता! पुढे इथेच बदली झाली तरी ती एक शब्द तसा बोलली नाही." मग ते एकदम माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा इतका उघडा, इतका आशेने भरलेला मी कधी पाहिला नव्हता. "म्हणजे अर्थ आहे! आणि ते दुसरं? सारखं म्हणते ते? सांग ना, काय मागते ती?"

आणि मी खोटं बोलले. ठरवून गेले नव्हते. त्या चेहऱ्यावर ती दोन वाक्यं टाकायची माझी छाती झाली नाही. "जेवलात का, असं विचारतात," मी म्हटलं. "तुम्ही जेवलात का."

"जेवलो का," सर म्हणाले. त्यांनी वही मांडीवर घेतली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. बोट चिन्हाचिन्हावरून पुढे सरकत होतं आणि ओठ आवाज न करता हलत होते. एका ठिकाणी बोट थांबलं. मागे आलं. पुन्हा पुढे गेलं. बाहेर रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजत गेली, तेवढा वेळ ते तसेच बसले होते. मग त्यांनी वही मिटली, चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"जेवलो का, असं विचारते?"

"हो, सर."

"बरं."

ते उठले, काकूंच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी ते वाक्य म्हटलं. वर्गात म्हणायचे तसं भलत्या ठिकाणी तोडून नाही. एका दमात, बारीक आवाजात, शेवट वर उचलून, काकूंच्या तोंडचा एक ध्वनीही इकडचा तिकडे न करता. "आऊ तोन से? माले धर दाऊ दे." खोलीत दोन काकू बोलल्यासारखं वाटलं. मी खोटं बोलले म्हणून त्यांच्या तोंडून हे निघतंय, अजून वेळ आहे, सांगून टाक, असं मी स्वतःला बजावत होते.

काकूंनी मान वळवली. त्यांनी सरांकडे पाहिलं, नीट, वाकून, रस्त्यात भेटलेल्या, वाट चुकलेल्या माणसाकडे बघावं तसं. मग चांगला हात हळूहळू उचलला आणि सरांच्या डोक्यावर ठेवला.

"तुले बी?" त्या म्हणाल्या. तुलाही? आणि थोड्या वेळाने, अगदी मायेने, "ताल."

चाल, म्हणत होत्या. चल माझ्याबरोबर. आता सर वळून मला अर्थ विचारणार, आणि या वेळी मी काय सांगू?

सरांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी खुर्चीखाली हात घालून काकूंच्या चपला बाहेर ओढल्या आणि तिथेच बसून, आधी डावी, मग उजवी, त्यांच्या पायांत घालायला सुरुवात केली.